स्वस्त काडतूस आणि हरणाचे मरण

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत सैन्याची उरलेली काडतुसे स्वस्तात विकायला आली. हरणाच्या मांसावर घराची बेगमी करणारा शिकारी तिकडे वळणारच. १९०६ सालचे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतूस सैन्याचेही होते नि शिकाऱ्याचेही. एकाच रायफलीत दोन्ही चालतात, मग महाग कशाला घ्यायचे?

फरक गोळीत होता. सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या आवरणातली. ती बरेचदा आरपार जाते. हरीण जखमी होऊन दूर पळते आणि तडफडत मरते. शिकारीच्या गोळीचे टोक उघड्या, मऊ शिशाचे. ते अंगात शिरताच पसरते आणि मरण लवकर येते.

आता आपण विरोधाभास पाहू. पसरणाऱ्या गोळीला बदनाम नाव मिळाले ते आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमचे. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने ती युद्धात निषिद्ध ठरवली, कारण माणसाला नाहक यातना होतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मात्र हरणासाठी तशीच गोळी सक्तीची केली, तीही यातना टळाव्यात म्हणूनच! युद्धात सैनिक जायबंदी झाला तरी काम भागते. शिकारीत मारायचेच असते. मग ते झटपट व्हावे, इतकेच आपल्या हाती उरते.

म्हणून सरावाला सैन्याची स्वस्त गोळी ठीक. रानात जाताना साधीच, पण मऊ टोकाची घ्यावी आणि नेम तिनेच तपासून घ्यावा. हंगामात अशा गोळ्या लागतात तरी किती? तेवढ्यात काटकसर केली, तर तिचा भुर्दंड हरणाला पडतो.