तेरेझीनची पाकवही

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा, ताम्रपट व दप्तरें उभीं राहतात. स्वयंपाकघरांतील वहीसाठीं त्या पंक्तींत पाट मांडावा, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अशीच एक वही गेल्या शतकांतील एका घोर प्रकरणाची साक्ष देते, आणि ती साक्ष आम्हांस कित्येक सरकारी कागदांहून मोलाची वाटते.

प्रागच्या वायव्येस सुमारें ६० किलोमीटरांवर तेरेझीन नांवाचें जुनें लष्करी ठाणें आहे. १९४१ च्या नोव्हेंबरांत नाझी राज्यकर्त्यांनीं तेथें यहुदी लोकांस कोंडण्यास आरंभ केला. पुढील साडेतीन वर्षांत सुमारें १,४०,००० माणसें तेथें आणिलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें ३३,००० तेथेंच मेलीं, व ८८,००० च्या आसपास पूर्वेकडे, बहुतेक मृत्यूच्याच दारीं, रवाना झालीं. पातळ सूप, थोडे बटाटे व पाव हा तेथील आहार. अंगमेहनत करणारांस अधिक मिळावें म्हणून वृद्धांचा वांटा कमी करण्यांत आला. अर्थात् भुकेचा पहिला घाला म्हाताऱ्यांवर पडला.

या वृद्धांपैकींच मीना पेख्टर ही एक. तिनें व तिच्या सोबतिणींनीं चिठोऱ्यांवर जें लिहून ठेविलें, तीं गाऱ्हाणीं नव्हेत. त्या पाकक्रिया आहेत! केक, स्ट्रूडेल, भरलेलीं अंडीं. अमुक पदार्थाची खरी रीत कोणती, यावरून तेथील बायकांत वादही होत. जवळ लोणी नाहीं, अंडें नाहीं, चूल नाहीं, आणि वाद मात्र रीतीचा! वाचकांस हें चमत्कारिक वाटेल. पण घर, भांडींकुंडीं, माणसें, सर्व हिरावलें गेल्यावर गृहिणीपाशीं तिची रीत तेवढी उरते. ती कोणास जप्त करितां येत नाहीं. भुकेनें मात्र तिच्यावरही हात टाकिला. कांहीं कृतींत एखादा जिन्नस राहून गेला आहे, कांहींत मधलीच क्रिया सुटली आहे. हे दोष म्हणजेच या साधनाची खरी मोहोर होय.

१९४४ सालीं योम किप्पुर या यहुद्यांच्या उपवासाच्या दिवशीं मीनाबाई निवर्तल्या. पॅलेस्टाइनमध्यें असलेल्या आपल्या मुलीस, अ‍ॅनीस, पोंचविण्यासाठीं तें पुडकें त्यांनीं एका स्नेह्याच्या हातीं दिलें होतें. पण त्याच्यापाशीं पत्ता नव्हता. पुढें मुलगी अमेरिकेस गेली. हातोहात फिरत तें पुडकें सुमारें २५ वर्षांनीं न्यूयॉर्कांत तिच्या हातीं पडलें. १९९६ सालीं कारा डी सिल्वा यांनीं तें इंग्रजींत ग्रंथरूपानें संपादिलें. भाषांतर करणाऱ्या बियान्का स्टायनर ब्राउन या स्वतः तेरेझीनमध्यें राहून आलेल्या होत्या.

पाकक्रिया ही नेहमीं भविष्यास उद्देशून लिहिलेली असते. ‘इतकें पीठ घ्या’ असें लिहिणारी स्त्री, उद्यां कोणाच्या तरी घरीं पीठ असेल, चूल पेटेल व पानावर माणसें बसतील, असें गृहीत धरिते. मरणाच्या दारीं बसून मीनाबाईंनीं मुलीसाठीं हेंच गृहीत धरिलें. वात्सल्याचा याहून निराळा पुरावा आम्ही मागत नाहीं.

आपल्याही घरोघरीं तेलाच्या डागांनीं मळलेल्या जुन्या वह्या असतील. त्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या, एवढीच आमची विनंति आहे.