बांगडा खाल्ल्यावर अंगावर पित्त का उठतं? हिस्टामिन आणि ते मोजणाऱ्या चाचण्या

मी सॉफ्टवेअरवाला, माशांशी माझा संबंध ताटापुरता. पण मागच्या मे महिन्यात गावी गेलो असताना बंदरावरून सकाळी बांगडे घेतले, पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि बाकीची कामं करत दुपारी घरी आलो. मासे दिसायला ठीक होते, वासही नव्हता. तळून जेवलो. अर्ध्या तासात बाबांचा चेहरा लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगभर गांधी. आई म्हणाली, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." मी तेच बांगडे खाल्ले होते, मला काहीच झालं नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली, बाबांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मासे बर्फाविना किती वेळ होते?" हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते शोधताना जे समजलं ते इथे मांडतोय.

हिस्टामिन येतं कुठून?

बांगडा, कुपा (ट्यूना), सुरमई, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ते स्वतः निरुपद्रवी आहे. पण माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यात जिवाणू असतात. मासा मेल्यावर गरम राहिला की ते वाढतात. मॉर्गनेला मॉर्गनी, फोटोबॅक्टेरियम अशा काहींकडे हिस्टिडीन डीकार्बोक्सिलेज हे एन्झाइम असतं. ते हिस्टिडीनचं हिस्टामिन करतं.

ॲलर्जीत आपलं शरीर जे रसायन सोडतं, तेच हे हिस्टामिन. फरक एवढाच की इथे ते बाहेरून, आयतं पोटात येतं. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात आणि ॲलर्जीच्याच गोळीने उतरतात.

तळल्यावर ते मरत नाही का?

नाही, आणि खरी गोम इथेच आहे. शिजवल्याने जिवाणू मरतात, पण तयार झालेलं हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. तळा, उकळा, डबाबंद करा, ते तसंच राहतं. फ्रीझरमध्येही नष्ट होत नाही. वास आणि रंगावरूनही ते ओळखता येत नाही. कधीकधी घास जिभेला मिरीसारखा चुणचुणतो, पण दरवेळी नाही.

म्हणजे स्वयंपाकघरात हा बग दुरुस्त होत नाही. तो आधीच, बर्फानेच रोखावा लागतो.

प्रयोगशाळेत काय करतात?

इथे जैवतंत्रज्ञान कामाला येतं. तीन पद्धती समजून घेऊ.

१. एलायझा. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी ही पद्धत मांडली. हिस्टामिनसाठी तिचा स्पर्धात्मक प्रकार वापरतात. प्लेटच्या खळग्यांत आधीच हिस्टामिन चिकटवलेलं असतं. त्यात माशाचा अर्क आणि मोजक्या अँटिबॉडी टाकतात. अर्कात हिस्टामिन जास्त असेल तर अँटिबॉडी त्यालाच धरतात आणि धुताना वाहून जातात. प्लेटवर उरलेल्या अँटिबॉडी रंग देतात. थोडक्यात, रंग फिका तर हिस्टामिन जास्त.

२. एन्झाइम बायोसेन्सर. डाय-अमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम हिस्टामिन तोडतं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. इलेक्ट्रोड ते मोजतो.

३. पीसीआर. यात हिस्टामिन बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक नमुन्यात आहे का ते बघतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर पीसीआर सांगतं की कोड सर्व्हरवर आहे. तो चालला का आणि आउटपुट किती आलं, हे एलायझा किंवा बायोसेन्सर सांगतात. जनुक सापडलं म्हणून मासा विषारी ठरत नाही. उलट जिवाणू मेलेले असले तरी हिस्टामिन मागे उरलेलं असू शकतं.

मग मला काही का झालं नाही?

हिस्टामिन सगळीकडे सारखं पसरत नाही. एका टोपलीतल्या दोन माशांत, अगदी एकाच माशाच्या दोन तुकड्यांतही फरक पडतो. शिवाय प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमात अशा माशांच्या एका खेपेतून ९ नमुने घेतात. त्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, फार तर २ नमुने १०० ते २०० च्या दरम्यान चालतात आणि २०० च्या वर एकही चालत नाही. एक नमुना ठीक आला म्हणून सगळी खेप ठीक, असं मानत नाहीत. एकच टेस्ट केस पास झाली म्हणून आपण तरी रिलीज करतो का?

तुम्ही काय करायचं?

अमेरिकेच्या एफडीएचं मार्गदर्शन सांगतं की हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल तर मासा मेल्यापासून जास्तीत जास्त ६ तासांत बर्फात गेला पाहिजे. कोकणातली मे महिन्यातली दुपार याहून गरमच असते. आणि हे घड्याळ तुम्ही मासा विकत घेतल्यापासून नाही, तो मेल्यापासून सुरू होतं.

- बाजारात जाताना डबा आणि बर्फ घेऊन जा. मासे शेवटी घ्या, थेट घरी या.
- कल्ले आणि आतडी लगेच काढा, मासे ४ अंशांच्या खाली ठेवा.
- फ्रीझरमधला मासा ओट्यावर नको, फ्रिजमध्ये वितळू द्या. काही वेळा एन्झाइम गोठूनही शाबूत राहतं आणि वितळल्यावर पुन्हा कामाला लागतं.
- त्रास झालाच तर डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला आणि तो किती वेळ बाहेर होता, ते सांगा. श्वास लागला, घसा सुजला किंवा चक्कर आली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

बाबांच्या बाबतीत त्या बांगड्यांची चाचणी झाली नव्हती, त्यामुळे हिस्टामिनच होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण "तुम्हाला बांगडा चालत नाही" हा शिक्का घरच्यांनी मारलाच होता. पुढे डॉक्टरांना विचारून, बर्फातून आणलेला ताजा बांगडा त्यांनी खाल्ला आणि काही झालं नाही. आता बाजाराच्या दिवशी बर्फाचा डबा भरायचं काम माझ्याकडे आहे.