पाठीवर चालेल, डोक्यावर नाही

काशीच्या वेदपाठशाळांचा विषय निघाला की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "फार मारत असतील ना हो?" मारत असत. पण ज्या ग्रंथांवर या गावाची पंडिती पोसली गेली, त्यांत पोराने कसं वागावं याच्या जोडीला पोरावर हात कशाने आणि कुठवर उगारावा हेही लिहून ठेवलं आहे. हे सांगितलं की पाहुणे फक्त हसतात.

गौतमाचं धर्मसूत्र म्हणतं, शिष्याला न मारता वळण लावावं. नाहीच जमलं तर बारीक दोरी किंवा बांबूची कामटी. दुसऱ्या कशाने मारलं तर राजाने गुरूला शिक्षा करावी. मनुस्मृती जागाही ठरवून देते: पाठीवर चालेल, डोक्यावर नाही, हा नियम मोडणाऱ्याला चोराचा दोष. (त्याच यादीत बायको आणि दासही आहेत. तिथे आमचे शास्त्रीबुवा जरा घाईने पुढे जात.) आपस्तंबाच्या धर्मसूत्रातली शिक्षांची यादी वेगळीच आहे: धाक दाखवणं, उपास, थंड पाण्याची अंघोळ, नजरेसमोरून घालवून देणं. पौषातसुद्धा पहाटे गंगेत बुडी मारणाऱ्या या गावात गार पाणी ही शिक्षा कशी काय ठरायची, देव जाणे!

पतंजली मात्र मारणाऱ्यांच्या बाजूचा. महाभाष्यात एक उपाध्याय येतो, उदात्त स्वराच्या जागी अनुदात्त म्हणणाऱ्या पोराला तो थोबाडीत देतो. गुरूच्या हातात विष नसून अमृत असतं, लाडाने दोष वाढतात आणि ताडनाने गुण, असंही तिथे म्हटलं आहे. या पतंजलीला काशीने आपलंच मानलंय. जैतपुऱ्यातल्या नागकुआँशी त्याचं नाव जोडलेलं आहे आणि नागपंचमीला तिथे पंडितांचा शास्त्रार्थ होतो. त्या दिवशी सकाळी पोरं नागाची चित्रं विकत गल्लोगल्ली फिरतात. एक चित्र 'छोटे गुरूंचं', एक 'बडे गुरूंचं'. छोटे गुरू म्हणजे पतंजली, बडे म्हणजे पाणिनी. थोबाडीत मारण्याचा दाखला देणाऱ्याला गावातली पोरंच असं घरोघर पोचवतात.

काशीतल्या आपल्या मराठी घरांत शिस्त आली ती पैठणच्या भट्टांच्या पोथ्यांतून. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट काशीला येऊन राहिले. त्यांचा मुलगा नारायणभट्ट, जन्म १५१३ चा; विश्वेश्वराच्या देवळाच्या पुनर्बांधणीशी ज्यांचं नाव जोडलं जातं तेच हे. शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांचे पणतू. नारायणभट्टांचा 'प्रयोगरत्न' हा संस्कारांवरचा ग्रंथ महाराष्ट्रातही प्रमाण ठरला. गोदावरीकाठचं घराणं गंगाकाठी आलं आणि तिथून कृष्णाकाठच्या मुंजींना वळण देत राहिलं.

आमच्या ब्रह्माघाटच्या घरात मुंज झालेल्या पोराला पहिला आठवडा जायचा तो नमस्कार घोटण्यात. दोन्ही हात कानांना लावायचे, प्रवर, गोत्र, शाखा आणि शेवटी स्वतःचं नाव खणखणीत सांगायचं, मग वाकून हातांची फुली करायची, म्हणजे आपला उजवा हात मोठ्यांच्या उजव्या पायाला लागतो आणि डावा डाव्याला. माझा भाऊ घाईत फुली विसरला की घरातले वडीलधारे अण्णा पाय मागे घेत. रागवायचे नाहीत, मारायचे तर नाहीतच. वाकलेलं पोर रिकाम्या जमिनीला हात लावून तसंच राहायचं, आणि मागे उभ्या चुलत भावंडांना हसू आवरायचं नाही. छडीपेक्षा हे वाईट, असं भाऊ अजून म्हणतो.

भाऊ वेदाच्या संथेला बसला की अण्णांचा हात त्याच्या मानेवर. अनुदात्ताला मान खाली, स्वरिताला वर. स्वर चुकला की हात जरा दाबला जायचा, एवढंच. मला हे इतकं ठाऊक आहे कारण मी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत ऐकत असे. मला कुणी कधी मारलं नाही, कारण मला कुणी संथाच दिली नाही. शिस्तीच्या इतिहासात मुलींचं पान कोरं दिसतं ते असं. ती दया नव्हती, मुलींना हिशेबातच धरलं नव्हतं.

१७९१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट जोनाथन डंकनने इथे संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झालं. तिच्या नियमांत होतं की शिस्त धर्मशास्त्रातल्या अध्ययनाच्या प्रकरणाप्रमाणे राहील आणि वर्षातून चार वेळा रेसिडेंटसमोर परीक्षा होईल. इंग्रजांच्या स्वतःच्या शाळांत तेव्हा वेत सर्रास चाले. त्यांच्या सरकारी शाळांतून तो गेला १९८६ च्या कायद्याने. इथे मात्र पहिली दहा वर्षं सरायच्या सुमारास गैरकारभारासाठी घालवून द्यावं लागलं ते पाठशाळेच्या पहिल्या मुख्य पंडितालाच. आपस्तंबाची शेवटची शिक्षा!

छडीच नको म्हणणारी शाळाही याच गंगेच्या काठी निघाली. वरुणा जिथे गंगेला मिळते, त्या राजघाटावर १९३४ मध्ये तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचारांची शाळा सुरू झाली. शिक्षा नको, बक्षीस नको, पोरापोरांत तुलना नको. बेचाळीसच्या चळवळीतले आपले अच्युतराव पटवर्धन याच वर्तुळात रमले आणि १९९२ मध्ये काशीतच गेले. घाटावरच्या जुन्या मंडळींना शिक्षा नको हे एक वेळ चालायचं. बक्षीस नको म्हटल्यावर मात्र ती चक्रावायची, कारण दक्षिणेशिवाय परीक्षा ही कल्पनाच इथे कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक छळणं दोन्ही बंद केलं. मारणाऱ्यावर कारवाई होईल, असंही त्यात आहे; गौतमाने राजावर टाकलेलं काम सरकारने अंगावर घेतलं म्हणायचं. मनुस्मृतीचा पाठीचा नियम शिष्याबरोबर मुलालाही लागू होता. आपलं हे कलम मात्र शाळेच्या फाटकापाशी थांबतं. स्वीडनने १९७९ मध्येच आईबापांनाही मनाई केली. आमच्या गल्लीत ते काम शेजारी करतात. कुणाचं पोर जास्त वेळ रडलं की पानवाला टपरीवरूनच ओरडून विचारतो, कुणी तरी जिना चढतं आणि पोराला उचलून आपल्या घरी नेतं. बाप खाली येऊन भांडतो, आणि मग बराच वेळ चूक कुणाची यावर सगळ्या गल्लीचा शास्त्रार्थ चालतो.