गाडी गेली, वाट राहिली

मुलाकडे व्हर्जिनियात गेलो की माझं सकाळचं फिरणं एका डांबरी पायवाटेवर असतं. पहिल्याच दिवशी मनात आलं, ही वाट माणसांच्या पायांनी पडलेली नाही. माणसांची वाट वळसे घेते, दम लागेल असा चढ चढते. इथे मैलच्या मैल सरळ रेघ, आणि चढ असलाच तर पायाला कळू नये इतका. नोकरीची सारी वर्षं रेल्वेत गेली असल्यामुळे मी मुलाला म्हटलं, ‘‘अरे, इथून गाडी जात असणार.’’

जात होती. १८६० मध्ये ही गाडी अलेक्झांड्रियाहून लीसबर्गपर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. १७ जून १८६१ ला व्हिएन्ना गावाजवळ दक्षिणेच्या तोफांनी ओहायोच्या सैनिकांची गाडी टिपली. ८ जण ठार झाले. इंजिनवाला डबे सोडून इंजिनासह परत पळाला. हे वाचून मलाच ओशाळल्यासारखं झालं! पुढे हा मार्ग विजेवर चालला, १९५१ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि १९६८ मध्ये मालगाड्याही.

आर्लिंग्टनमधला रुळांचा पट्टा राज्याला हवा होता तो इंटरस्टेट ६६ साठी. वॉशिंग्टनकडे जाणारा रुंद महामार्ग, तोही भरवस्तीतून. आपल्याकडे असतं तसंच तिथेही होतं : नकाशावर रेघ ओढली गेली होती आणि लोकांना नंतर कळलं. पण १९६६ मध्ये अमेरिकेत दोन कायदे झाले होते. त्यांतल्या वाहतूक खात्याच्या कायद्यातलं एक कलम सांगतं, की बाग, करमणुकीची जागा किंवा ऐतिहासिक वास्तू रस्त्याखाली घ्यायची असेल तर दुसरा व्यवहार्य पर्याय नाही हे आधी दाखवा. आणि घेतलीच, तर नुकसान कमीत कमी होईल अशी शक्य ती सारी आखणी करा. दुसरा कायदा ऐतिहासिक ठेव्याच्या जतनाचा. आर्लिंग्टनच्या रहिवाशांनी संघटना काढली, कोर्टात गेले. १९७२ मध्ये अपील कोर्टाने काम थांबवलं आणि पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल आधी करा, असं बजावलं.

वाहतूकमंत्री विल्यम कोलमन यांनी १९७५ मध्ये सहापदरी आराखडा फेटाळला आणि जानेवारी १९७७ मध्ये चौपदरी मान्य केला, तोही अटींवर. अवजड ट्रक नकोत. मधल्या पट्ट्यात मेट्रो. आवाज अडवणाऱ्या भिंती. शेजारून सायकलवाट. रस्ता नकोच म्हणणारे अर्थातच हरले. २२ डिसेंबर १९८२ ला तो सुरू झाला. पण आज मेट्रोची गाडी दोन्ही बाजूंच्या मोटारींच्या मधून धावताना दिसते, तेव्हा ती त्या हरलेल्यांची कमाई आहे असं मला वाटतं.

पश्चिमेकडचा रेल्वेपट्टा मात्र तिथल्या प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने घेतला आणि १९८८ पर्यंत पर्सेलव्हिलपर्यंतची ४५ मैलांची वाट पुरी केली. पट्टा साधारण १०० फूट रुंद, वाट त्यातली थोडीशीच, बाकी झाडं. हरणं इतकी, की कुणी मान वळवून बघतही नाही.

भांडण तेवढ्यावर मिटलं असं नाही. गर्दी वाढली, आणि २०२० मध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या बाजूला सुमारे ४ मैलांची आणखी एक मार्गिका उघडली. चौपदरीचा शब्द तिथे मोडला असं मानणारे लोक आहेत, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच कामात ईस्ट फॉल्स चर्चला, जिथे पायवाट मोठा रस्ता ओलांडते, तिथे पादचारी नि सायकलींसाठी पूलही बांधला गेला. पूर्वी सिग्नलपाशी मोटारींकडे बघत ताटकळावं लागे.

मी पूल उतरून आर्लिंग्टनकडे जातो. थोडं पुढे गेलं, की वाट अचानक ओढ्याच्या काठाने वळू लागते, लहानसे चढ-उतार घेते. सायकलवाले घंटी वाजवत जपून वळतात. रेल्वेची सरळ रेघ इथे संपते. ती शेजारच्या भिंतीपलीकडे, मोटारींच्या चाकांखाली आहे.