ऐकणाऱ्याचं ऐकायचं कोणी?

(जामनेर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हाला ‘मनाचं आरोग्य’ हा विषय दिला, तेव्हा आम्ही त्यांना एक विनंती केली. रुग्णांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हाला रुग्णांचं ऐकून घेणाऱ्या माणसांविषयी बोलू द्या. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, परिचारिका आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताई. ही मंडळी दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकतात. मग त्यांचं कोण ऐकतं? आणि त्यांचं काम बरोबर चाललंय की चुकतंय, हे त्यांना कोण सांगतं? या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या समजुतीपेक्षा बराच जुना आहे.

सुरुवात चरकसंहितेपासून करू. तिच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘तद्विद्यसंभाषा’ नावाचा विषय येतो. तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा, आपल्याच धंद्यातला माणूस. त्याच्याशी केलेली चर्चा ती तद्विद्यसंभाषा. वैद्याने वैद्याशी बोललं पाहिजे असं चरक बजावतो आणि त्याचे फायदेही मोजून सांगतो. ज्ञान वाढतं, बोलण्यात सफाई येते, पूर्वी ऐकलेल्या गोष्टीबद्दलची शंका पुन्हा ऐकल्याने फिटते, न ऐकलेलं कानावर पडतं. पुढे तर मोठी गमतीची गोष्ट आहे. गुरू जे गुपित शिष्याची सेवा पाहून हळूहळू सांगतो, तेच तो चर्चेच्या भरात, जिंकण्याच्या हौसेने, एकदम सांगून टाकतो! माणसाचा स्वभाव किती बारकाईने पाहिलाय बघा.

या संभाषेचे दोन प्रकार आहेत. एक संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याची. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे भांडणाची. दुसरीत समोरच्याला कसं हरवायचं याचे डावपेचही चरक देतो, त्यात संकोच नाही. पण सलोख्याच्या चर्चेचे नियम वेगळे. समोरचा जाणकार हवा, रागीट आणि मत्सरी नको. निर्धास्तपणे विचारावं, निर्धास्तपणे सांगावं. हरण्याच्या भीतीने बिचकू नये, जिंकलो म्हणून आनंदाने नाचू नये, बाहेर जाऊन बढाई मारू नये. आज व्यावसायिक गटासाठी नियम लिहायला बसलो तर याहून फार वेगळं काय लिहिणार?

आमच्या दर्शनशास्त्रातही हेच आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा. आज आपण ‘वाद घालू नका’ म्हणतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा वितंडा असते. वाद कोणाशी करावा हेही सूत्रकार सांगतात. शिष्याशी, गुरूशी, आणि सब्रह्मचाऱ्याशी, म्हणजे आपल्याबरोबर शिकणाऱ्याशी. गुरू आणि शिष्य यांच्या पंगतीत सहाध्यायालाही पान वाढलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

आता मोठी उडी मारून इंग्रजी अमदानीत येऊ. तेव्हा वेड्यांची इस्पितळं आली. ठाण्याचं १९०१ सालचं. आज महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. खानदेशात त्यातलं एकही नाही. या इस्पितळांचे वार्षिक अहवाल सरकारला जात. किती दाखल झाले, किती बरे झाले, किती मेले, खर्च किती. म्हणजे माहिती खालून वर जायची. एका डॉक्टरने दुसऱ्याला ‘या रोग्यापुढे माझं डोकं चालेना’ असं सांगायची जागा त्या रकान्यांत नव्हती. आम्हाला वाटतं, तद्विद्यसंभाषेचा धागा इथे निसटला. त्याच्या जागी तपासणी आली. तपासणी वेगळी आणि संभाषा वेगळी. तपासणीत माणूस झाकतो, संभाषेत उघडतो.

तो धागा पुन्हा जोडायचा प्रयत्न काहींनी टपालाने केला. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी पत्रव्यवहार सुरू केला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरी बोस पत्रांतून आपले मतभेद मांडत राहिले.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण आम्हाला अधिक जवळचं वाटतं. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. तिचं मूळ त्यांनी स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसपर्यंत नेलं, म्हणून आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तिची विशेष आपुलकी. फडके यांनी १९६८ च्या सुमारास एलिस यांना पत्र लिहिलं, आणि तो पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक चालला. विचार करा, तेव्हा इंटरनेट नव्हतं. हवाई टपालाने पत्र जायला आणि उत्तर यायला काही आठवडे. तरीही एका माणसाने हट्टाने आपल्या शंका विचारायची सवय सोडली नाही. पुढे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था काढली, आणि विवेकनिष्ठ विचार मराठीतून शिकणारी, एकमेकांबरोबर काम करणारी मंडळी उभी राहिली. पत्रातली संभाषा एका छपराखाली आली.

दुसरा प्रवाह आला तो रुग्णांकडून. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी दारूने बेजार झालेला एक शेअर दलाल आणि तसाच एक शल्यचिकित्सक भेटले. दलालाला कळलं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की आपलाच तोल सावरतो. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. आपल्याकडे अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. ते सांभाळलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनातून सुटलेली माणसं तिथे कार्यकर्ते झाली. त्यांच्याकडे पदवी नव्हती, अनुभव होता. पण नीट पाहा, ज्याची जखम नुकती भरली आहे त्याने रोज दुसऱ्याच्या जखमा बघायच्या म्हणजे जोखीम मोठी. अशा माणसाला बरोबरीच्यांचा आधार लागतोच, नाहीतर तोच पुन्हा घसरतो.

तज्ज्ञ तरी घसरत नाहीत का? १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी ‘बर्नआउट’ हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारे लोक साधारण वर्षभरात कोरडे पडतात, चिडचिडे होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे ही आळशांची व्याधी नव्हे. जीव ओतून काम करणाराच आधी जळतो.

आमची एक विद्यार्थिनी एका तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक होती. तिच्याकडे येणाऱ्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी तिने रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. ‘सर, मी त्याला शेवटच्या वेळी काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं, हे रोज रात्री आठवतं. पण सांगू कोणाला? घरी सांगितलं तर आई म्हणते, सोड ती नोकरी.’ आठ महिन्यांनी तिने खरंच सोडली. तिला औषधाची गरज होती असं आम्ही म्हणत नाही. तिला तद्विद्य हवा होता. तिचं काम जाणणारा, जो म्हणाला असता, ‘बस, पहिल्यापासून सांग.’

मग उपाय काय? मोठमोठे तज्ज्ञ तालुक्याला येणार नाहीत, हे आपण जाणतो. इथे गोव्याचं काम डोळे उघडणारं आहे. १९९६ मध्ये तिथे संगाथ ही संस्था सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. सहा ते आठ भेटी, एवढाच उपचार. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, न मिळालेल्या गटात ३९ टक्के.

आकडा सगळे सांगतात. त्यामागची व्यवस्था कमी लोक सांगतात. रुग्णाच्या परवानगीने भेटी ध्वनिमुद्रित होत. समुपदेशक गटाने बसत, एकाची भेट सगळे ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. रुग्णाचं म्हणणं नीट ऐकलं का? घाईने सल्ला दिला का? बरोबरीच्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळतात का, हेही तपासलं गेलं. प्रशिक्षण आणि सराव मिळाला की ते चांगले जुळू शकतात असं दिसलं. म्हणजे चरकाची संधाय संभाषा गोव्याच्या आरोग्य केंद्रांत टेपरेकॉर्डर घेऊन बसली होती.

आपल्या शेजारीही कामं झाली. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्याच्या ४१ गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राने ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना तयार केलं. सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधली. त्यात आपल्याला लागून असलेला बुलढाणा होता. अशा प्रत्येक कामात आमचा प्रश्न एकच: आशाताईने उंबऱ्यावर जे ऐकलं, ते ऐकून घरी आलेल्या आशाताईचं पुढे काय?

कोणी म्हणेल, नियम आहेत की. डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुणांक मिळवावे लागतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनाही पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीसाठी शिक्षण चालू ठेवावं लागतं. चांगलंच आहे. पण सभागृहात बसून प्रमाणपत्र मिळतं. ‘माझं इथे अडलं’ असं बोलायची हिंमत त्या प्रमाणपत्रातून येत नाही.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. गाव लहान. केळीच्या बागेवरून, मोटरसायकलवरून माणूस ओळखू येतो. मग गुप्ततेचं काय? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतो, आणि तो राखलाच पाहिजे. त्यासाठी एक पथ्य पाळायचं. गटात रुग्णाची कथा सांगायची नाही, आपली सांगायची. नाव, गाव, जात, धंदा, शेत सगळं बाहेर ठेवायचं. ‘तो असं बोलला तेव्हा मी गप्प का झालो?’ एवढाच प्रश्न मध्ये ठेवायचा. तरीही ओळख पटण्यासारखी असेल, तर तो प्रश्न जामनेरला न काढता दुसऱ्या तालुक्याच्या सोबत्याला फोनवर विचारायचा.

तेव्हा आमची सूचना लहान आहे. उपजिल्हा रुग्णालयातली, शाळांमधली, व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं आणि आशाताई, मिळून आठ-दहा जणांनी महिन्यातून एकदा दोन तास बसावं. वरिष्ठ असला तरी त्याने त्या दोन तासांपुरती खुर्ची सोडावी. एकाने बोलावं, बाकीच्यांनी आधी ऐकावं, मग विचारावं, सल्ला सगळ्यात शेवटी. वर्षातून दोनदा जळगावहून एखाद्या तज्ज्ञाला बोलवावं, कारण सगळेच एकसारखे चुकत असतील तर ते आतल्यांना दिसत नाही. खर्च म्हणाल तर चहाचा.

असा गट असता तर त्या शेतकऱ्याचा जीव वाचलाच असता, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं त्या मुलीवर अन्याय होईल. पण ती कामावर टिकली असती. तिच्या खुर्चीपुढे नंतर जी माणसं येऊन परत गेली, त्यांना कोणीतरी भेटलं असतं.

सभागृहात या कामातली मंडळी आहेत असं संयोजकांनी सांगितलं आहे. लगेच उठून जाऊ नका. आधी एकमेकांचे फोन नंबर घ्या आणि पहिली तारीख ठरवा. प्रश्नोत्तरं त्यानंतर.