जीन आणि प्रेस : कापसाच्या वाटेवरचे दोन शब्द

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव नागपूर–हैदराबाद हमरस्त्यावर, म्हणजे पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आणि आताच्या ४४ वर, हिंगणघाटच्या दक्षिणेस आहे. ज्या काळ्या जमिनीतल्या कापसामुळे ‘हिंगणघाट’ हे गावाचे नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात मालाच्या प्रतीचे नाव होऊन बसले, त्याच पट्ट्यातले हे गाव. या पट्ट्यात जीन आणि प्रेस हे दोन तोकडे इंग्रजी शब्द असे रुळले आहेत की, ते परके असल्याची आठवण कोशकारालाच काय ती व्हावी. ते शाळेतून नव्हे, कापसाच्या बंडीसोबत आले, आणि त्यांचे अर्थ शोधायचे तर त्या बंडीच्याच मागे जावे लागते.

जीन हा शब्द मूळ इंग्रजीतही अपभ्रंशच आहे. कल्पकता या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमधून इंग्रजीत ‘इंजिन’ आले, आणि त्याचे पहिले अक्षर झिजून उरलेला तुकडा फासा, सापळा, खाणीतून ओझे वर ओढणारा रहाट अशा कोणत्याही हिकमती साधनाला लावला जाऊ लागला. कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र हे त्यातलेच एक. जुनिपरच्या फळांवरून ज्याचे नाव पडले ते ‘जिन’ हे मद्य वेगळ्याच, डच घराण्यातले. मराठीत मूळ शब्द आणि त्याचा तुकडा हे दोघेही स्वतंत्रपणे येऊन शेजारी नांदले, आणि इंजिनावर जीन चालते असे म्हणताना बापाच्या जोरावर मुलगा चालतो हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

यंत्र येण्याआधी हे काम होत नव्हते असे नाही, आणि त्याला शब्द नव्हता असे तर मुळीच नाही. कापसापासून सरकी सुटी करण्याला मराठीत ‘लोढणे’ म्हणतात, आणि ज्या हातयंत्राच्या दोन रुळांमध्ये कापूस सरकवून ते केले जाई त्याला ‘रेचा’. रूळ रुई पलीकडे ओढून घेत आणि सरकी, आत शिरण्याइतकी फट नसल्यामुळे, अलीकडेच गळून पडे. हे काम मुख्यतः बायकांचे, घरातले, आणि शेतीच्या इतर कामांतून उरलेल्या वेळाचे होते. सरकी घरीच राहत असल्याने पुढच्या हंगामाचे बियाणे आणि गुरांचा खुराक हे दोन्ही घराबाहेर जात नसत. येथे भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘लोढणे’ हे क्रियापद आहे, ते माणूस स्वतः करतो; ‘जीन’ हे मराठीत यंत्राचे नाव म्हणून आले आणि पाहता पाहता जागेचे नाव झाले, जेथे माणूस जातो, माल नेतो किंवा रोजीने कामाला लागतो. इंग्रजी शब्दाने मराठी शब्द हुसकला असे म्हणण्यापेक्षा, काम अंगणातून उठून फाटक असलेल्या आवारात गेले आणि अंगणातला शब्द मागे राहिला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

हे स्थलांतर घडले त्याची कारणे वडनेरपासून फार दूर होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्लंडची नजर मध्य प्रांत व वऱ्हाडाकडे वळली. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, आणि त्याच दशकात सरकारने या प्रदेशासाठी कापूस आयुक्त असे पदही निर्माण केले. त्या पदावरचे जे. एच. रिव्हेट-कार्नॅक हे नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळे उकरणारे पुरातत्त्वप्रेमी म्हणूनही अभ्यासकांना परिचित आहेत. पुढे १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून जो फाटा टाकला गेला, त्यावर हिंगणघाट आले, आणि वणा नदीकाठच्या या जुन्या बाजाराला थेट मुंबईची वाट मिळाली.

रेल्वेबरोबर दुसरा शब्द आला, तो नाइलाजाने. सुटी रुई म्हणजे बव्हंशी हवाच असते. वजनाला हलकी आणि जागेला भारी अशा मालाने डबा भरतो, पण भाडे फिटत नाही, आणि बोटीवर तर जागेचेच मोल अधिक. तेव्हा रुई दाबून, पट्ट्यांनी आवळून, तिची घट्ट गाठ करणे भाग पडले. सरकारी मराठीत जिला ‘गासडी’ आणि वैदर्भी बोलीत ‘गठाण’ म्हणतात ती हीच, आणि ती जेथे बांधली जाते ती ‘प्रेस’. जुन्या हिशेबात गाठ ३९२ पौंडांची आणि दोन गाठींची, म्हणजे ७८४ पौंडांची, एक खंडी धरली जाई; आज गाठीचे प्रमाण वजन १७० किलो आहे. कापसातून रुईचा उतारा शेकडा ३४ पडला, तर एका गाठीसाठी पाच क्विंटल कापूस लागतो, आणि उरलेली जवळजवळ सगळी सरकी तेलाच्या घाणीकडे व ढेपेकडे जाते.

जीनचे यंत्र जवळून पाहिले तर त्यात जुना रेचा अजून ओळखू येतो. एली व्हिटनीचे १७९४ मध्ये पेटंट मिळालेले करवती जीन अमेरिकेत गाजले, परंतु त्याच्या दातांनी तंतू तुटतात. विदर्भात रुजले ते १८४० मध्ये अमेरिकेतच फोन्स मॅकार्थी याने पेटंट घेतलेले रुळाचे जीन. चामड्याने मढवलेला खरबरीत रूळ फिरताना रुईचे तंतू धरून एका स्थिर पातीखाली ओढतो, सरकी पातीपाशी अडते, आणि वरखाली हलणारी दुसरी पाती तिला ठोके देऊन सुटी पाडते. दोन रुळांचे यंत्र हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप. नागपुरात आज अशी यंत्रे बनतात आणि आफ्रिकेतल्या देशांपर्यंत जातात, हा उलटा प्रवासही या शब्दाच्या खात्यावर मांडायला हरकत नाही.

प्रेस या शब्दाचे मराठीतले अर्थ मात्र गावागणिक बदलतात. दाबणे हा मूळ अर्थ सर्वत्र एकच, पण काय दाबले जाते यावर सारे अवलंबून. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले तेव्हा दाबला जात होता कागद. त्या कारखान्याला ‘छापखाना’ हा शब्द आधीच असल्यामुळे तेथे प्रेस आणि छापखाना दोघेही टिकले. पुढे छापणाऱ्या यंत्रावरून छापणाऱ्या माणसांचा वर्गच प्रेस झाला, आणि आज मोटारसायकलच्या पाटीवर हा शब्द लिहिणाऱ्याकडे दाबण्याचे कोणतेही यंत्र नसते. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये नोकरी’ म्हणजे नोटा किंवा मुद्रांक छापण्याची नोकरी. तेथील नोट मुद्रणालय १९२८ चे. विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे कपडेही प्रेस होतात, तर इतरत्र त्यांना इस्त्री केली जाते, आणि ती इस्त्री पोर्तुगिजांकडून आलेली असल्याने शुद्धतेचा अभिमान येथे कोणत्याच बाजूला धरता येत नाही. हिंगणघाटच्या बाजारात मात्र नुसते प्रेस म्हटले की गठाणच डोळ्यांपुढे येते.

या दोन शब्दांना कायद्याने १९२५ मध्ये एकत्र बांधले. कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या त्या वर्षीच्या अधिनियमाने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या प्रेसचे ठरलेले चिन्ह उमटवणे बंधनकारक केले, जेणेकरून भेसळ, ओलावा किंवा मिसळलेली प्रत आढळल्यास माल कोणत्या कारखान्यातून आला हे सांगता यावे. योगायोग असा की, अखिल भारत चरखा संघाची स्थापनाही १९२५ चीच. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले, आणि जिल्ह्यात जीनच्या चिमण्या उभ्या असताना तेथे लोखंडी सळईने पाटीवर सरकी काढण्याची ‘सलाई-पटरी’ नव्याने शिकवली जाऊ लागली. ते काम पुन्हा अंगणात आणण्याचा तो प्रयत्न होता. खादीपुरता तो सफल झाला, बाजाराची वाट त्याने बदलली नाही.

महाराष्ट्राच्या कच्चा कापूस अधिनियमाने १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि जीन या शब्दाला आणखी एक छटा आली. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा असल्यामुळे जीन हे खरेदीकेंद्र झाले. ‘जीनवर गाडी लावणे’ यात लोढण्यापेक्षा रांग, काटा, प्रतवारी आणि पुढे कधीतरी मिळणारा चुकारा यांचाच अर्थ अधिक भरला. वडनेरवरून जाणारा रस्ता पुढे आदिलाबादला, म्हणजे परराज्याच्या बाजारात, पोहोचतो. एकाधिकाराच्या काळात कापसाला तो कायद्याने बंद होता.

जीनचे आणखी तीन सोबती मराठीत आहेत. घोड्याचे जीन फारसीतून आले आणि जिनगर या आडनावात ते अजून आहे. जाड कापडाचे जीन हे नाव इटलीतल्या जिनोआ बंदरावरून पडले. आणि ‘जनुक’ या अर्थाचा जीन हा १९०९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसन यांनी घडवलेला शब्द. २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली, तेव्हापासून जिवाणूकडून घेतलेले जीन बियाण्यातच असते, त्या बियाण्याचा कापूस जीनमध्ये जातो, आणि त्याच्या सुताचे कधी जीनचे कापडही होते. शेतकरी पहिल्याला ‘बीटी’ म्हणतो, दुसऱ्याला ‘जिनिंग’, तिसऱ्याला ‘जीन्स’, आणि त्याचा घोटाळा होत नाही.

२००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेनंतर लोढणे आणि दाबणे एकाच आवारात करणारे कारखाने वाढले, आणि दोन शब्दही ‘जिनिंग-प्रेसिंग’ असे एका दमात म्हटले जाऊ लागले. १९२५ च्या अधिनियमाने गाठीवर अनुक्रमांक आणि प्रेसचे चिन्ह सांगितले होते, कापूस पिकवणाऱ्या गावाचे नाव सांगितले नव्हते; वडनेरचा कापूस परमुलखात गेला तो हिंगणघाट या नावाने.