बियाण्यांच्या गावातला स्टार्टअप

‘जालन्यात कसला स्टार्टअप निघणार?’ हा प्रश्न आपल्या बॅचच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून उत्तराची अपेक्षा माझ्याकडून असते. माझे उत्तर असे, की तो निघून साठ वर्षे झाली.

1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. तेव्हा आपला जिल्हासुद्धा झाला नव्हता. तो 1981 चा. त्याआधी त्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ भेंडी शेतात वाढवून तिचे बी विकले होते. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांशी ओळख झाली आणि संकरित मका, ज्वारी, बाजरीचा रस्ता सापडला. देशाचा बियाणे कायदा आला 1966 मध्ये, म्हणजे कंपनी कायद्याच्याही आधीची!

संकरित वाणाची गंमत आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळते. मूळ नर-मादी वाण कंपनीकडे राहतात, शेतकऱ्याला मिळते फक्त पहिली पिढी. तिचे दाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, त्यामुळे दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. सोर्स कोड आपल्याकडे ठेवून वर्षाचे लायसन्स विकण्यासारखेच हे.

पण पैशाचे काय? पेरणीपासून बी विकले जाईपर्यंत महिनोन्‌महिने जातात. एवढे बी पिकवायला लागणारी जमीन विकत घ्यायची म्हटली असती, तर सुरुवातीलाच दम निघाला असता. त्यावर तोड निघाली ती करारावरच्या बीजोत्पादनाची. कंपनीने पायाभूत बी आणि देखरेख द्यायची, ठरल्या भावाने माल उचलायचा. जमीन, विहिरीचे पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. बी तपासणीत नापास झाले की फटकाही बराचसा त्याच्याच गळ्यात. आज ज्याला आपण गुंतवणूकदार म्हणतो, तो इथे धोतर नेसून बांधावर उभा होता, फक्त त्याच्या नावावर शेअर नव्हते.

आणि मजुरी म्हणजे काय, हे सीड प्लॉटवर गेलेल्यालाच ठाऊक. कपाशीत दुपारनंतर एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग लावायचा. हे काम मुख्यतः बायकांचे. कंपन्यांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ओळभरही सापडत नाही, हे मला खटकते.

बाहेरचे मोठे भांडवल फार उशिरा आले. 1998 मध्ये मोन्सॅन्टोने महिकोत 26 टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या किमतीवरून वाद पेटले. 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही, तेव्हा नुकसान पुन्हा शेतकऱ्याच्याच पदरात पडले.

तोवर बेजो शीतल, कृषिधन, कलश अशी नावे जालन्यात उभी राहिली होती. 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसरही इथे आहे. तिथल्या एखाद्या मुलीने उद्या कंपनी काढली, तर प्लॉट देणाऱ्या शेतकऱ्याला आणि क्रॉसिंग करणाऱ्या बाईला शेअर मिळतील का, एवढे मात्र मी तिला जरूर विचारीन.